इंग्रजी शिकवायला परदेशात जायचंय, पण ‘नेटिव्ह’ नाही

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

माझं वय २९. इंग्रजीत एम.ए. आणि बी.एड. झालंय. सहा वर्षं पाचवी ते आठवीला इंग्रजी शिकवतेय. परदेशात जाऊन, ज्यांना ही भाषा अजून परकी आहे त्यांना ती शिकवावी, अशी जुनी इच्छा आहे. त्यासाठी परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचं, १२० तासांचं ऑनलाइन टेफल सर्टिफिकेटही घेतलं. चार महिन्यांत चाळीसेक अर्ज केले, पण बहुतेकांचं उत्तरच आलं नाही. एका ठिकाणी व्हिडिओवर मुलाखत सुरू झाली. त्यांनी मातृभाषा कोणती ते विचारलं आणि ‘आम्हाला नेटिव्ह स्पीकरच हवा’ असं सांगून दोन मिनिटांत फोन ठेवला. त्या दिवसापासून इंग्रजी बोलताना माझीच जीभ मला जड वाटते. माझी शाळा दहावीपर्यंत मराठी माध्यमाची होती. ते मी सीव्हीत लिहीतच नाही.

आता एका एजंटाने नोकरी पक्की असल्याचं कळवलंय. आधी नोंदणी फी भरायची, टुरिस्ट व्हिसावर जायचं, महिन्याभरात ते वर्क परमिट करून देणार आणि तोवर पासपोर्ट शाळेकडे राहणार. आठ दिवसांत हो-नाही सांगायचंय. घरचे म्हणतात, चालून आलंय तर जा. मी जाऊ का? ॲक्सेंटचा क्लास लावू का? की हे माझ्यासारखीचं कामच नाही?

एक शिक्षिका

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

मुदत आठ दिवसांची आहे, म्हणून एजंटाचं आधी सांगते. जाऊ नकोस आणि फीही भरू नकोस.

टुरिस्ट व्हिसावर पगार घेऊन शिकवणं जवळपास सगळ्याच देशांत बेकायदा आहे. पकडलं गेलं तर शाळा दंड भरून मोकळी होते आणि परत पाठवलं जातं ते तुला. पुढे कुठल्याही व्हिसाच्या अर्जात ‘यापूर्वी कोणत्या देशाने बाहेर काढलं आहे का’ या प्रश्नापुढे तुला ‘हो’ लिहावं लागतं. आधी पोहोचून मग कामाचा व्हिसा करून घेण्याची सोय काही देशांत आहे, हे खरं. पण त्यासाठीसुद्धा शाळेचा लेखी करार, पदवीचे प्रमाणित कागद आणि पोलिसांचा दाखला लागतो. तुझ्या पत्रावरून दिसतं की एजंटाने यातलं काहीच मागितलेलं नाही. ज्याने पदवी बघायच्या आधी फी मागितली, त्याच्याकडे खरोखर जागा आहे असं मी तरी धरून चालणार नाही.

नोकरी लावून देणाऱ्या खाजगी एजन्सीने काम शोधणाऱ्याकडून थेट किंवा आडून पैसे घेऊ नयेत, असा नियम आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या करारात, म्हणजे करार क्रमांक १८१ मध्ये आहे. सगळ्या देशांनी तो स्वीकारलेला नाही आणि त्याला अपवादही आहेत. पण शिक्षक पुरवणाऱ्या चांगल्या एजन्सींचा रिवाज तोच असतो. त्यांचे पैसे शाळा देते. पासपोर्ट अडकवून ठेवणं तर याच संघटनेच्या सक्तीच्या मजुरीच्या लक्षणांमध्ये मोडतं. तुला घाबरवायचं नाही, पण एक गोष्ट ठाऊक असू दे. कंबोडिया आणि म्यानमारमध्ये नोकरीच्या नावाखाली माणसं नेऊन त्यांना ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२३ च्या अहवालात मांडलं. त्यात चांगली शिकलेली, दोन-तीन भाषा येणारी माणसंही होती. म्हणजे फक्त भोळी माणसंच फसतात, असं मनात आणू नकोस.

माझ्या हाताखाली तयार झालेली एक मुलगी अशीच गेली होती. शाळा खरी होती, मुलंही गोड होती. पण व्हिसा कधीच झाला नाही. दर काही आठवड्यांनी सीमेपलीकडे जाऊन पुन्हा शिक्का मारून यायचं, असं वर्षभर चाललं. शेवटचे दोन महिने पगार मिळाला नाही, तेव्हा तिने मला फोन करून विचारलं, तक्रार कुठे करू? माझ्याकडे उत्तर नव्हतं. सरकारी कागदांनुसार ती तिथे शिकवतच नव्हती.

एजंटाला एवढंच लिही: ‘शाळेचं नाव आणि पत्ता, सहीसाठी कराराचा मसुदा, कोणत्या प्रकारच्या व्हिसावर मी काम करणार आणि सध्या तिथे शिकवणाऱ्या एका शिक्षकाचा मेल, या चार गोष्टी मिळाल्या की विचार करेन. पासपोर्ट माझ्याकडेच राहील.’ खरी शाळा असेल तर चारही गोष्टी दोन दिवसांत येतात. बहुधा तुला उत्तर येणार नाही, आणि आलं तर त्यात घाई असेल.

आता त्या दोन मिनिटांच्या मुलाखतीकडे वळते. तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त दुखलेली जागा तीच आहे. दार लागण्याची दोन वेगळी कारणं असतात आणि ती वेगळी ओळखायला शिकलीस तर निम्मा मनस्ताप वाचेल. काही ठिकाणी कायदाच आडवा येतो. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्याचा नेहमीचा व्हिसा ई-२ हा आहे. तो सर्वसाधारणपणे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांना मिळतो. या यादीबाहेरचा पासपोर्ट असेल तर दोन देशांमधला एखादा खास करार लागतो आणि त्याच्या अटी स्वतंत्र असतात. चीनमध्येही परदेशी भाषाशिक्षकाने तत्त्वतः आपली मातृभाषाच शिकवावी, असा नियमाचा रोख आहे. जपानमधल्या अनेक खाजगी संस्था बारा वर्षांचं शालेय शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाल्याचा पुरावा मागतात, आणि तो तुझ्याकडे नाही. अशा ठिकाणी मुलाखत घेणाऱ्याला तू कितीही आवडलीस तरी त्याचे हात बांधलेले असतात. तिथे अर्ज करायचाच असेल तर आधी त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर व्हिसाच्या अटी वाच आणि मगच सीव्ही पाठव. तुझ्या चाळीस अर्जांपैकी बरेच अशा बंद दारांवर गेले असावेत, असा माझा अंदाज आहे.

दुसरं कारण म्हणजे समजूत. कायदा आडवा येत नाही, पण शाळेच्या मालकाला किंवा पालकांना वाटतं की इंग्रजी त्यांनीच शिकवावी ज्यांच्या घरात ती जन्मापासून बोलली गेली. ही समजूत चुकीची आहे आणि अन्यायाची आहे. इंग्रजीच्या शिक्षकांच्या ‘टेसॉल’ या आंतरराष्ट्रीय संघटनेत मातृभाषा इंग्रजी नसलेल्या शिक्षकांनी १९९८ मध्ये आपला गट उभा केला. २००६ मध्ये त्या संघटनेने अधिकृत निवेदन काढून सांगितलं की केवळ मातृभाषेच्या कारणावरून शिक्षकाला डावलणं चूक आहे, पात्रता शिक्षण, अनुभव आणि शिकवण्याच्या कौशल्यावर जोखावी. जाहिरातींत ‘नेटिव्ह’ हा शब्द अजून दिसतो. पण समजूत बदलता येते, आणि ती बदलायला तुझ्याकडे काय आहे ते तू स्वतःच सीव्हीतून खोडून टाकलं आहेस.

तुझी शाळा मराठी माध्यमाची होती. म्हणजे ही भाषा तुझ्या कानावर आपोआप पडली नाही, तू ती एकेक शब्द करून मिळवलीस. ‘अ’ आणि ‘द’ कुठे लावायचे हे तुला एकदा अजिबात माहीत नव्हतं, कारण मराठीत असं काही नाहीच. जपानी, कोरियन, थाई, रशियन यांतही नाही. त्या भाषांमधला विद्यार्थी ‘आय सॉ डॉग’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात काय चाललंय हे तुला आतून कळतं. तू तिथून चालत आलेली आहेस.

मी शिक्षक-प्रशिक्षणात होते तेव्हा आम्हाला अनोळखी भाषेचे चार तास दिले होते. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या शिक्षक-अभ्यासक्रमाचा तो एक भागच आहे. शिकवणाऱ्या बाई वर्गात आल्या आणि आम्हा कुणालाच न येणाऱ्या भाषेत, फक्त त्याच भाषेत, बोलू लागल्या. विसाव्या मिनिटाला ‘हे’ आणि ‘ते’ यांसाठीचे दोन शब्द माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळले आणि बाईंनी माझ्याकडे बघितलं तेव्हा कान तापले. शेजारी जन्मापासून फक्त इंग्रजीच बोलत आलेला एक जण बसला होता. उत्तम शिक्षक झाला पुढे तो. पण त्या दिवशी तो अक्षरशः हादरला होता. प्रौढ माणसाला वर्गात असं बावरायला होतं, हे त्याने आयुष्यात पहिल्यांदा अनुभवलं. तुला तो अनुभव दहा वर्षं मिळाला आहे.

म्हणून ‘माझ्यासारखीचं हे काम नाही’ हे वाक्य मी पत्रातून काढून टाकते.

ॲक्सेंटच्या क्लासचं विचारलंस. नको. म्हणजे लंडनचा किंवा न्यूयॉर्कचा उच्चार अंगावर चढवायला जाऊ नकोस. तो घट्ट बसत नाही आणि मुलाखतीच्या ताणात उतरून पडतो. स्पष्टता मात्र हवी, आणि ती वेगळी गोष्ट आहे. आपण मराठी माणसं प्रत्येक अक्षराला जवळपास सारखं वजन देतो. इंग्रजीत शब्दाचा एक भाग उचलून धरायचा असतो, बाकीचे दबतात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर असतो, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर. ‘होटेल’, ‘डेव्हलप’ या शब्दांत आपण हमखास पहिल्यावर जोर देतो, तिथे तो पुढे हवा. दुसरं, आपल्या एका ‘व’मध्ये इंग्रजीचे दोन आवाज बसलेले असतात. ‘वेस्ट’ म्हणताना पश्चिम दिशा आणि बनियन यांतलं नेमकं काय म्हणायचंय, ते ओठांनी ठरवायला लागतं. एकाला ओठ गोल होतात, दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. वेगवेगळ्या भाषांची माणसं आपसात इंग्रजी बोलतात तेव्हा काय अडतं याचा अभ्यास झालेला आहे. ‘थ’ हुबेहूब नसला तरी फारसं बिघडत नाही, पण स्वराची लांबी आणि वाक्यातला मुख्य जोर चुकला तर समोरचा अडखळतो. तेव्हा फोनवर रोज दोन मिनिटं रेकॉर्ड कर. विषय साधा घे, उदाहरणार्थ कागदाचं विमान कसं करायचं. मग ते अशा कुणाला ऐकव, जो तुला रोज ऐकत नाही, आणि त्याला ऐकून विमान करायला सांग. विमान झालं तर तुझं बोलणं पोहोचलं.

आता कोर्स. तुझं १२० तासांचं सर्टिफिकेट अगदीच वाया गेलेलं नाही, व्हिसाच्या कागदांत काही देशांना ते पुरतं. पण त्यात कुणी तुझा एकही तास बसून पाहिला नाही, ही त्यातली मोठी उणीव आहे. आणि भरती करणाऱ्यांना ती माहीत असते. टेफल या नावावर कुणा एकाचा ताबा नाही, त्यामुळे कुणीही सर्टिफिकेट छापू शकतं आणि स्वतःच्याच दुसऱ्या संस्थेकडून त्याला मान्यताही देऊ शकतं. जगात बहुतेक चांगल्या संस्था दोन नावं ओळखतात: केंब्रिजचं सेल्टा आणि ट्रिनिटी कॉलेज लंडनचं सर्ट-टेसॉल. सेल्टाची मुळं १९६२ सालातली आहेत. लंडनमध्ये जॉन आणि ब्रिटा हेक्राफ्ट या दांपत्याने आपल्या भाषासंस्थेच्या शिक्षकांसाठी छोटा प्रशिक्षणवर्ग काढला, त्यातून ते वाढत गेलं. आज त्यात किमान १२० तास शिकणं असतं, चार लेखी कामं असतात आणि खऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांना दोन वेगळ्या पातळ्यांवर मिळून सहा तास शिकवावं लागतं, तेही मागे बसून टिपणं काढणाऱ्या प्रशिक्षकासमोर. पूर्णवेळ केलं तर चार-पाच आठवडे लागतात, आणि त्या आठवड्यांत दुसरं काही होत नाही.

तू बी.एड.चे सराव पाठ घेतले आहेस, टाचणं काढली आहेस, त्यामुळे हा साचा तुला नवा नाही. नवं वाटेल ते प्रौढांना शिकवणं. आणि मातृभाषेचा आधार न घेता शिकवणं. वर्गात मराठी वापरून तू आजवर अर्थ सांगितला असशील. ती सोय तिथे नसते, कारण समोर पाच भाषांची दहा माणसं असतात. प्रवेशाआधी लेखी काम आणि मुलाखत होते. त्यात व्याकरण विचारतात ते नियम म्हणून नाही, तर ‘हे विद्यार्थ्याला कसं उलगडून सांगशील’ असं. खर्च मोठा आहे, ते मी लपवणार नाही. पण एजंटाला द्यायला काढलेले पैसे याच्या वाट्याला जाऊ देत. आणि कोर्सची फी भरण्याआधी स्वतःच्या इंग्रजीची पातळी एकदा परीक्षेने पक्की करून घे. आयईएल्ट्सचा निकाल दोन वर्षांपुरता धरला जातो. केंब्रिजच्या सी-२ प्रोफिशियन्सीला मुदत नाही, ते प्रमाणपत्र जन्मभर चालतं. तुझ्यासारखीला, जिच्यावर प्रत्येक मुलाखतीत भाषेचा पुरावा द्यायची वेळ येणार आहे, मी दुसरीच परीक्षा सुचवेन.

डेमो लेसनविषयी, म्हणजे निवडीच्या वेळी नमुना म्हणून घ्यायच्या तासाविषयी, मात्र सविस्तर लिहिते, कारण नोकरी तिथे मिळते किंवा जाते. समजुतीचं दार उघडायचं तेही तिथेच.

एका सराव पाठाचं सांगते. शिक्षिका हुशार होती, इंग्रजी झरझर बोलणारी. फळ्यावर तिने वाक्य लिहिलं: ‘माय अंकल यूज्ड टू प्ले फुटबॉल.’ मग सात मिनिटं तिने ‘यूज्ड टू’ समजावलं. होकारार्थी, नकारार्थी, प्रश्नार्थी, सगळं. शेवटी विचारलं, ‘डू यू अंडरस्टँड?’ सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मागच्या बाकावर होते. तास संपल्यावर शेजारच्या विद्यार्थ्याला सहज विचारलं, हे काका आता फुटबॉल खेळतात का? ‘यस,’ तो खुशीत म्हणाला, ‘एव्हरी डे.’

सात मिनिटांच्या स्पष्टीकरणानंतर त्याला नेमका उलटा अर्थ कळला होता, आणि वर्गात ते कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण त्याला विचारलं होतं ते फक्त ‘समजलं का’.

हाच पाठ असा घे. फळ्यावर आडवी रेघ ओढ, एका टोकाला ‘पूर्वी’, दुसऱ्या टोकाला ‘आता’. पूर्वीच्या बाजूला ओळीने चार-पाच फुल्या, आताच्या बाजूला काही नाही. वाक्य लिही. मग तीन छोटे प्रश्न: काका आता खेळतात का? नाही. पूर्वी खेळायचे का? हो. एकदाच की पुष्कळदा? पुष्कळदा. बस्स. आमच्या क्षेत्रात याला कन्सेप्ट चेकिंग म्हणतात. प्रश्नात शिकवायचा शब्दच वापरायचा नाही आणि उत्तर एका शब्दात यायला हवं, एवढी दोन पथ्यं. मग उच्चार: लिहिलेला ‘ड’ बोलताना गिळला जातो, ‘यूस्टू’ असं ऐकू येतं, ते सगळ्यांकडून दोनदा म्हणवून घे. आणि मग गप्प बस. दोघादोघांना आपल्या लहानपणाबद्दल बोलू दे, तू फिरत ऐक, चुका टिपून ठेव, शेवटी दोन फळ्यावर घे. बारा मिनिटांच्या डेमोत तुझा आवाज पाच मिनिटांहून जास्त ऐकू येता कामा नये.

यात तुझी मराठी कुठे कामाला येते बघ. ‘काका खेळायचे’ हे आपलं रूप ‘यूज्ड टू’शी किती नेमकं जुळतं! रीतिभूतकाळ आपल्या भाषेत जिवंत आहे, म्हणून त्या अर्थाची धार तुला जाणवते. दोन भाषा शेजारी ठेवून बघण्याची ही सवय तशीच पुढे ने. ज्या देशात जाशील तिथल्या भाषेची दहा वैशिष्ट्यं जाण्याआधी वाच. अरबी बोलणाऱ्याला ‘प’ आणि ‘ब’ वेगळे ऐकू यायला वेळ लागतो, कारण त्याच्या भाषेत ‘प’ नाही. स्पॅनिश बोलणारा ‘स्कूल’ला ‘एस्कूल’ म्हणतो. व्हिएतनामी विद्यार्थ्याच्या तोंडून शब्दाच्या शेवटची व्यंजनं निसटतात, म्हणून त्याचा भूतकाळ ऐकूच येत नाही. मुलाखतीत ‘आमच्या मुलांना नेमकं काय जड जाईल?’ असं विचारलं आणि तू यातलं एक उदाहरण दिलंस, तर मातृभाषेचा प्रश्न मागे पडतो. हे मी घडताना पाहिलं आहे.

अर्ज कुठे करायचा? थायलंडपासून सुरुवात कर. तिथल्या शाळांत फिलिपिन्समधून आलेले शिक्षक मोठ्या संख्येने आहेत, म्हणजे मातृभाषा इंग्रजी नसलेला शिक्षक तिथे नवलाचा नाही. अशा शिक्षकाकडून सहसा टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत किमान ६०० गुण किंवा त्या तोडीचा दुसरा निकाल मागतात. शाळेतल्या नियमित नोकरीसाठी शिक्षक-परवान्याची वेगळी प्रक्रिया असते, तिथे तुझी बी.एड. उपयोगी पडेल. तुला मुलांना शिकवण्याचा सहा वर्षांचा अनुभव आहे, म्हणून पहिली पसंती ही. व्हिएतनाममध्ये भाषाकेंद्रं भरपूर आहेत आणि भरती वर्षभर चालते. पदवी आणि शिकवण्याचं प्रमाणपत्र दोन्ही तयार ठेव, आणि परमिटचे नियम अर्जाच्या वेळी पुन्हा वाच, कारण ते बदलत असतात. आखाती देशांतली विद्यापीठं पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीचे पायाभूत वर्ग चालवतात. त्यांना एम.ए., सेल्टा आणि प्रौढांना शिकवल्याचा अनुभव हवा असतो. पगार आणि सोयी तिथे चांगल्या. पहिल्या फेरीत ते तुला घेणार नाहीत, दोन वर्षांनी घेऊ शकतात. युरोपीय संघातल्या शाळा सोयीमुळे तिथला पासपोर्ट असलेल्यालाच घेतात. त्यात शक्ती घालवू नकोस.

प्रौढांना शिकवल्याचा अनुभव आतापासूनच जमवायला लाग. शनिवार-रविवारी एखादा वर्ग घे, चार माणसांचा असला तरी चालेल, आणि त्याची नोंद ठेव. ऑनलाइन शिकवूनही हे तास भरतात. फक्त त्यावर सगळा संसार उभा करू नकोस. चीनने जुलै २०२१ मध्ये शाळाबाह्य खाजगी शिकवण्यांवर निर्बंध आणले, देशाबाहेर बसलेले परदेशी शिक्षक नेमण्यालाही बंदी घातली, आणि घरी बसून तिथल्या मुलांना शिकवणाऱ्या असंख्य शिक्षकांचं उत्पन्न थोड्याच काळात बंद झालं.

कागदांचं थोडक्यात. पदवी आणि पोलिसांचा दाखला अनेक ठिकाणी अपॉस्टिल करून, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का घेऊन, लागतो. १९६१ च्या हेग करारातले देश एकमेकांचे कागद या एका शिक्क्यावर मानतात. करारात नसलेल्या देशासाठी दूतावासाच्या शिक्क्यापर्यंत जावं लागतं आणि त्याला आठवडे लागतात. पोलिसांचा दाखला काही महिन्यांतच जुना ठरतो, म्हणून तो शेवटी काढ, पदवीचं काम आधी उरक. आणि पदवी, गुणपत्रक, पासपोर्ट यांवरचं नाव अक्षर-अक्षर सारखं आहे का, ते आजच बघ. लग्नानंतर नाव बदललेल्या दोन जणींची हातातली नोकरी केवळ यावर लांबलेली मी पाहिली आहे.

करार आला की पगाराच्या आधी तासांची ओळ वाच. ‘आठवड्याला २५ तास’ म्हणजे वर्गातले २५, की शाळेत थांबायचे मिळून? एक तास म्हणजे साठ मिनिटं की चाळीस? वर्गातला प्रत्येक तास मागे तयारीचा आणि वह्या तपासण्याचा वेळ ओढून आणतो, आणि नवीन पुस्तकावर तर तो दुप्पट होतो. मग बघ: सुट्टीत पगार चालू का, व्हिसाचा खर्च कुणाचा, मध्येच सोडलं तर काय भरावं लागेल, विमानाचं भाडं आधी देणार की वर्ष संपल्यावर. तोंडी आश्वासन मिळालं तर त्याच दिवशी मेल लिहायचा, ‘आज आपलं असं ठरलं, बरोबर ना?’ आणि उत्तराची वाट बघायची.

घरच्यांना सांग की तू संधी सोडत नाहीयेस, वर्षभर पुढे ढकलते आहेस. तेवढा वेळ लागेलच: परीक्षा, कोर्स, प्रौढांचा वर्ग, कागद. त्या वर्षात चाळीस अर्ज करू नकोस. कायद्याने जिथे दार उघडं आहे अशा दहा शाळा निवड आणि प्रत्येकीला वेगळं पत्र लिही. आणि त्यात दुसऱ्याच वाक्यात हे येऊ दे: ‘माझं शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झालं. इंग्रजी मी शाळेत, परकी भाषा म्हणून शिकले, आणि गेली सहा वर्षं ती तशीच शिकणाऱ्या मुलांना शिकवते आहे.’

एजंटाचा मेल आज रात्रीच पाठव. नवा सीव्ही झाला की या सदराच्या पत्त्यावर टाक, मी स्वतः वाचून त्यावर लिहून पाठवेन.

तुझी,
ताई